लाटंबार्सेतला पंप आणि सुमतीबाय

सुमतीबाय परब हिच्यावर रागावल्याशिवाय मला तिच्याबद्दल काही सांगता येत नाही. तिच्या हाताखाली मी साडेचार वर्षं काम केलं. त्यातला निम्मा वेळ मी तिच्यासाठी इतरांवर रागावले होते आणि उरलेला निम्मा वेळ तिच्यावर. आजही कोणी विचारलं, की ती बाई कशी होती, तर पहिल्यांदा तोंडात येतं ते 'हट्टी'. मग मला गप्प बसावं लागतं, कारण तेवढ्यावर ती संपत नाही.

खाणीच्या ऑफिसात मी बारा वर्षं टायपिस्ट होते. खाण बंद पडली आणि आम्ही घरी बसलो. डिचोलीत मुलांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेचं छोटं ऑफिस होतं, वाणसामानाच्या दुकानावर दोन खोल्या. तिथे अहवाल लिहायला माणूस हवं आहे असं कळलं म्हणून गेले. टेबलाच्या मागे पन्नाशीची, सावळी, काटक बाई बसली होती. केस घट्ट मागे बांधलेले, हातात लाल पेन्सिल. तिने माझं शिक्षण विचारलं नाही. तीन पानांचा एक छापील अहवाल पुढे केला आणि म्हणाली, "वाच. तुला कळणार नाहीत ते शब्द खोडून टाक."

वर लिहिलं होतं 'अन्नसुरक्षा व उपजीविका संवर्धन कार्यक्रम'. मी भीत भीत खोडायला सुरुवात केली. शेवटी तीन पानांत मिळून जेमतेम पाऊण पान शिल्लक राहिलं. मला वाटलं, नोकरी गेली. तिने ते पाऊण पान वाचलं आणि म्हणाली, "एवढंच आपण करतो. बाकीचं दिल्लीवाल्यांसाठी. सोमवारपासून ये."

पेडणे आणि डिचोली या दोन तालुक्यांतला सगळा कार्यक्रम ती सांभाळत होती. कागदावर तिचं पद मोठं होतं, पण हाताखाली मी धरून तीनच माणसं. ऑफिसची गाडी नव्हती आणि तिला स्कूटर येत नव्हती. लग्न केलं नव्हतं. मूळची पेडण्याकडची, मोपाच्या सड्याखालच्या, म्हणजे पठाराखालच्या, एका वाडीतली. डिचोलीत भाड्याच्या खोलीत राहायची आणि बसने गावोगाव फिरायची. कुठली बस कुठल्या वळणावर किती वेळ थांबते हे तिला पाठ होतं. पायात रबरी चपला, काखेत छत्री, खांद्यावर कापडी पिशवी, पिशवीत मुलांची वजनं घ्यायचा काटा. तो काटा तिने कधी दुसऱ्या कोणाला उचलू दिला नाही.

बोलणं तिचं मजेशीर होतं. आमच्याशी आणि गावातल्या बायकांशी घरच्या बोलीत बोलायची, मी इथे ती साधी करून लिहिते आहे. थोडी रागावली की पेडण्याचा हेल जास्त वर यायचा. खूप रागावली की मात्र एकदम पुस्तकी मराठी सुरू व्हायची, आणि समोरच्याला 'आपण' म्हणायची. ती मला 'आपण' म्हणाली की मी खुर्चीत सरळ बसायचे. 'लाभार्थी' हा शब्द तिला सहन होत नसे. मी तो एकदा टाइप केला तेव्हा ती म्हणाली, "आपण ज्यांना लाभार्थी म्हणता, त्यांतली एक माझी मावसबहीण आहे. तिला जाऊन सांगाल का, की तुला लाभ झाला?" मी तो शब्द कायमचा सोडला. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या टेबलावर कागदात गुंडाळलेले दोन गरम कातरे पाव होते, पोदेराकडून, म्हणजे पाववाल्याकडून, आणलेले. तिची माफी मागायची पद्धत तीच. तोंडाने कधी मागितल्याचं मला आठवत नाही.

माझ्या पहिल्याच पावसाळ्यात दिल्लीच्या मुख्य कार्यालयातून बियाण्यांची खोकी आली. प्रत्येक घरामागे परसबाग करायची, म्हणजे मुलांच्या जेवणात भाजी येईल, असा बेत होता. बेत चांगला होता. खोक्यांत फुलकोबी, गाजर, मटार अशा थंडीतल्या भाज्यांचं बी निघालं, आणि बाहेर आषाढ कोसळत होता. सुमतीबायने एक पाकीट फोडून बी तळहातावर घेतलं, बराच वेळ पाहिलं आणि फोन लावला. पलीकडच्या माणसाने सांगितलं, की मंजूर यादीप्रमाणे माल पाठवला आहे, तो वाटून टाका आणि आकडा कळवा.

"आपल्याकडे पाऊस पडतो का?" तिने विचारलं. मी मनात म्हटलं, झालं, 'आपण' सुरू झालं.

खोकी तिने कपाटात ठेवली. पुढचे पंधरा दिवस ती पेडण्यातल्या म्हाताऱ्यांच्या घरी फिरली. कोणाकडून तांबड्या भाजीचं, म्हणजे लाल माठाचं, बी, कोणाकडून दोडकी, भेंडी, कोणाकडून अळूचे गड्डे. जुन्या वर्तमानपत्राच्या पुड्या बांधायला आम्ही तिघंही बसलो. श्रावणात डिचोली तालुक्यातल्या लाटंबार्से गावी गेलो तर बऱ्याच घरांमागे उंच वाफे करून त्यांवर तांबडी भाजी उगवलेली होती. मला आनंद झाला. मी तिमाही अहवाल मोठ्या उत्साहाने लिहायला घेतला, तर तक्त्यात रकाना एकच होता: मंजूर पाकिटांचे वाटप.

"काय लिहू?" मी विचारलं.

"शून्य लिही. पाकिटं कपाटात आहेत ना?"

"पण भाजी तर..."

"भाजीचं खाली पत्रात लिही. रकान्यात शून्य."

त्या शून्यावरून दिल्लीहून तीन पत्रं आली. दुसऱ्या राज्यांतल्या सगळ्यांनी वाटप पूर्ण दाखवलं होतं. आमचा कार्यक्रम मागे पडलेल्यांच्या यादीत गेला आणि तिथून पुन्हा वर आलाच नाही. मी तिला म्हटलं, बाय, पाकिटं वाटून टाकली असती तरी चाललं असतं, कोणी पेरायला थोडंच सांगितलं होतं? ती माझ्याकडे अशी बघत राहिली, जणू मी काही घाणेरडं बोलले होते.

तिची खरी लढाई मात्र वेगळीच होती. गोव्यात मुलं उपाशी राहतात हे कोणालाच पटत नव्हतं. दिल्लीला नाही, पणजीला नाही, आणि खरं सांगायचं तर सुरुवातीला मलाही नाही. आमच्या घरांवर कौलं आहेत, दारात तुळस आहे, पोरं इस्त्रीचा युनिफॉर्म घालून शाळेत जातात. सुमतीबाय दर महिन्याला वजनं घ्यायची आणि एका लांबट वहीत लिहायची. दोन वर्षांची वही समोर ठेवून तिने एकदा मला दाखवलं. मे महिन्यात वजनं उतरत होती. गणेशचवथीच्या सुट्टीनंतर पुन्हा थोडी उतरत होती. जून लागला की हळूहळू चढत होती.

"काय दिसतं?" तिने विचारलं.

मला काहीच दिसलं नाही.

"शाळेत दुपारचं जेवण मिळतं. शाळा बंद, की दुपार बंद. मुलं काळा चहा आणि अर्ध्या पावावर राहतात. आणि घरची माणसं कोणाला सांगत नाहीत, कारण दारात ट्रक उभा असतो."

ते ट्रक मी रोज बघत होते. खाणीचा माल वाहायला घेतलेले, आता ताडपत्री घालून दारात उभे केलेले, चाकांभोवती गवत वाढलेलं. ट्रकवाल्याचं घर कोण गरीब म्हणेल? सुमतीबायने हे सगळं नीट लिहून वर पाठवलं. उत्तर आलं, की माहिती गोळा करण्यात त्रुटी असावी, काटा तपासून घ्यावा. तिने काटा खरंच तपासून आणला. दाखला जोडून तेच पत्र पुन्हा पाठवलं. दुसऱ्यांदा उत्तर आलं नाही.

लाटंबार्सेत रुक्मिणी गावस नावाची बाई होती. तिच्या दारातही असाच ट्रक. नवरा सिंधुदुर्गात कोणाची तरी गाडी चालवायला जायचा आणि महिन्यातून एकदा घरी यायचा. दोन मुलं, धाकटी मुलगी वजनाने इतकी कमी, की तिचं नाव वहीत लाल पेन्सिलीने लिहिलेलं. सुमतीबायने रुक्मिणीला आणि तिच्यासारख्या नऊ बायकांना एकत्र केलं. गावातली काही शेतं पावसाच्या पाण्याबरोबर आलेल्या मातीने भरून पडीक राहिली होती. मालकांच्या घरी आम्ही किती फेऱ्या मारल्या त्याला हिशेब नाही. शेवटी शेतं कसायला मिळाली. बायकांनी टोपल्यांनी माती काढली, बांध घातले. वायंगणाला, म्हणजे पावसाळ्यानंतरच्या भाताला, पाणी हवं म्हणून जवळच्या ओढ्यावर, व्हाळावर, पंप बसवला. पंप संस्थेचा होता. पहिल्या वर्षी पीक बेताचंच आलं, पण त्या दहा घरांत मे महिन्यात दुपारची चूल पेटली. वहीत त्या मेमध्ये वजनं उतरली नाहीत. सुमतीबायने ते पान मला तीन वेळा दाखवलं. तिला इतकं खूश मी त्याआधी आणि त्यानंतर पाहिलं नाही.

त्याच सुमाराला दिल्लीहून भार्गव नावाचे साहेब पाहणीला आले. माणूस वाईट नव्हता. नम्र होता, लक्ष देऊन ऐकायचा. त्यांना एक घर आतून बघायचं होतं. सुमतीबायने रुक्मिणीचं घर ठरवलं आणि तिला आदल्या दिवशी निरोप दिला, की साहेब येतील, जे असेल ते दाखव, काही करू नकोस.

आम्ही पोचलो तेव्हा अंगणातच वास आला. आत पाटावर केळीची पानं मांडलेली. कोंबडीची सागोती, वडे, सोलकढी, तांबडी भाजी, उकड्या तांदळाचा भात. रुक्मिणी नवी साडी नेसून वाढत होती. साहेबांनी नको नको म्हणत दोनदा घेतलं. त्यांनी मुलीला जवळ बसवून तिच्या पानातही वाढायला लावलं आणि ती खाताना कौतुकाने बघत राहिले. सुमतीबायने पानाला हात लावला नाही. तिची नजर मागच्या दाराकडे होती. तिथे टोपलीखाली संस्थेने दिलेली कोंबडी असायची, मुलीला रोज एक अंडं मिळावं म्हणून दिलेली. टोपली उताणी पडली होती.

परतताना भाड्याच्या गाडीत साहेब प्रसन्न होते. "इतकं चविष्ट जेवण बऱ्याच दिवसांत जेवलो नाही," ते म्हणाले. सुमतीबाय खिडकीबाहेर बघत होती.

दोन दिवसांनी ती रुक्मिणीकडे गेली. मी बरोबर होते. ती अंगणातच उभी राहिली.

"कोंबडी का मारलीस?"

रुक्मिणी भांडी घासत होती. मान वर न करता म्हणाली, "दारात आयलेल्या माणसाक पेज घालू?"

"पेजच घालायची होती. मी तुला सांगितलं होतं."

"बाय, आमची गत तुमका ठावक आसा. तुमी आमचीं. त्येका कित्याक दाखवू?" मग तिने भांडं खाली ठेवलं आणि धाकट्या मुलीकडे बघितलं. "माज्या चेडवाक उपाशी म्हणून परक्या माणसाच्या फुड्यात उभी करू? तुमी केली आसती?"

सुमतीबाय बांधावर जाऊन शेतं बघून आली आणि आम्ही परत फिरलो. बसमध्ये ती मला म्हणाली, "तिचं चुकलं नाही. माझं चुकलं. मी घर निवडलं, तिला विचारलं नाही." थोड्या वेळाने पुन्हा म्हणाली, "पण कोंबडी नको होती मारायला."

भार्गवसाहेबांचा अहवाल आला. त्यात लिहिलं होतं, की भेट दिलेल्या कुटुंबाचा आहार वैविध्यपूर्ण असून कोंबड्या मांसासाठी वापरल्या जातात, सबब उपजीविकेसाठी वेगळ्या मदतीची गरज दिसत नाही. सुमतीबायने त्यावर सात पानांचं पत्र लिहिलं. सातही पानं मीच टाइप केली. वजनांचे तक्ते, सुट्ट्यांचे महिने, ट्रक, सगळं त्यात होतं. शेवटी लिहिलं होतं, 'त्या दिवशीचं जेवण ही त्या घराची परिस्थिती नव्हती, त्या घराची इज्जत होती.' मला ते वाक्य फार आवडलं. दिल्लीला कोणी ते वाचलं की नाही, कोण जाणे.

पुढच्या वायंगणात, भात गुडघ्याएवढं वाढलेलं असताना, पत्र आलं. गोवा प्राधान्य यादीत बसत नाही, वर्षअखेर दोन्ही तालुक्यांतला कार्यक्रम बंद करावा. खाली साहित्याची यादी होती: दोन संगणक, एक कपाट, वजनकाटा, एक पंप. सगळं पंधरा दिवसांत दुसऱ्या राज्यातल्या कार्यालयाकडे रवाना करायचं. ट्रक येईल.

सुमतीबायने त्याच दिवशी उत्तर पाठवलं, की पंप पीक कापेपर्यंत राहू द्यावा, दोन महिने फक्त. नकार आला. तिने फोन केला. पलीकडच्या माणसाने समजुतीच्या सुरात सांगितलं, की नियम सगळ्यांना एकच. ती पणजीला दोन ठिकाणी जाऊन आली, दुसरा पंप मिळतो का बघायला. अर्ज द्या, पुढच्या हंगामात बघू, असं उत्तर मिळालं.

तेव्हा मी म्हटलं, "बाय, लिहून टाकूया, की पंप नादुरुस्त आहे, हलवण्यासारखा नाही. तिथून कोण बघायला येणार आहे?"

"पंप चालतो, मंदा."

"दोन महिन्यांचा प्रश्न आहे. मग दुरुस्त झाला म्हणून पाठवू."

"आज मी पंप मोडला म्हणून लिहिलं, तर माझी वजनं कोण खरी मानील?"

"आता तरी कोण मानतंय?"

हे मी बोलायला नको होतं. मला वाटलं, आता ती 'आपण' म्हणेल. ती म्हणाली नाही. हलक्या आवाजात फक्त एवढंच म्हणाली, "मी मानते ना."

मी रागाने घरी गेले. माझा राग आजही पूर्ण गेलेला नाही. दहा घरांचं भात एका बाजूला आणि हिच्या वहीचा खरेपणा दुसऱ्या बाजूला, हे माप मला पटलं नाही. पण खरं सांगायचं तर संस्थेचा शिक्का माझ्याच खणात असायचा. ते पत्र मला तिला न विचारता पाठवता आलं असतं. मी पाठवलं नाही. मला पुढच्या नोकरीसाठी शिफारशीचा कागद हवा होता. तेव्हा तिच्याबद्दल बोलताना मी जरा जपून बोलते.

ट्रक आला त्या दिवशी ती स्वतः लाटंबार्सेला गेली. मला म्हणाली, तू येऊ नकोस. मी गेले. बायका बांधावर ओळीने उभ्या होत्या. ट्रकबरोबर आलेल्या दोघांनी पाइप सोडवला, पंप उचलला. सकाळचं पाणी अजून शेतात चमकत होतं. पंप ट्रकमध्ये चढवल्यावर रुक्मिणी पुढे आली.

"बाय, आदी सांगला आसता तर आमी तो लपवून ठेवलो आसतो."

"म्हणूनच सांगितलं नाही," सुमतीबाय म्हणाली.

रुक्मिणीने तिच्याकडे एकदा बघितलं आणि ती शेताकडे वळली. बाकीच्या बायकाही गेल्या. पावतीवर सही करायला ट्रकवाल्याने सुमतीबायला पेन दिलं. तिने सही केली. मग त्याच कागदाच्या मागच्या बाजूला, मला तिथेच उभं करून, राजीनामा लिहिला आणि ट्रकवाल्याकडे दिला, म्हणाली, "हा पण पोचव."

पुढचं मला रुक्मिणीने सांगितलं, बऱ्याच महिन्यांनी, डिचोलीच्या बाजारात भेटली तेव्हा. पंप गेल्यावर बायका व्हाळातून कळशांनी पाणी आणायला लागल्या. वरचे कुणगे, म्हणजे भाताचे तुकडे, सोडून दिले, खालचे तेवढे धरले. तिसऱ्या दिवशी सकाळच्या बसने सुमतीबाय आली. हातात स्वतःची कळशी. कोणी तिला ये म्हटलं नाही, जा म्हटलं नाही. ती ओळीत उभी राहिली आणि पाणी वाहायला लागली. दुपारी बायका झाडाखाली जेवायला बसल्या, ती लांब बसून आपला डबा खायची. संध्याकाळच्या बसने परत जायची. असं रोज.

"तू बोललीस नाहीस तिच्याशी?" मी विचारलं.

"आठ दीस नाय बोल्लंय. नवव्या दिसा तिची पाठ धरली. वाकाक जमना नाय, तरी उचलता. मग म्हटलां, ती कळशी थय ठेवा, ही बारकी घेवा. बारकी दिली. राग आसा माका अजून. पण ती बाय सगळे दीस आयली."

खालच्या कुणग्यांत भात पिकलं. वरचं करपलं. दहा घरांना पुरेल एवढं मिळालं नाही. जे होतं ते लहान मुलं असलेल्या घरांनी वाटून घेतलं आणि बाकीच्यांनी ते मान्य केलं. त्या मे महिन्यात त्या मुलांची वजनं कोणी घेतली नाहीत, कारण काटाही ट्रकमधून गेला होता. तो काटा परराज्यात कुठल्या कपाटात पडला असेल कोणास ठाऊक. मला पंपापेक्षा कधी कधी त्याचाच जास्त राग येतो.

कापणीनंतर मी एकदा सुमतीबायच्या खोलीवर गेले होते. पाठीला पट्टा बांधून ती चटईवर पडली होती. सामान बांधलेलं होतं, ती पेडण्याला आपल्या वाडीत परत चालली होती. मी चहा केला. चहा पिता पिता ती म्हणाली, "त्या दिवशी तुझं ऐकलं असतं, तर वरचं भात वाचलं असतं."

'हो' म्हणायचं मनात होतं.

"पण मी ऐकलं नसतं," ती म्हणाली. "पुन्हा तशीच वेळ आली तरी नसतं. आणि मग पुन्हा अशीच पडून राहिले असते. माझा स्वभाव असा, त्याची शिक्षा दुसऱ्यांच्या पोरांना होते. हे मला कळतं, मंदा. कळत नाही असं समजू नकोस."

एवढं ती माझ्याशी एका दमात कधी बोलली नव्हती. मी कप विसळून ठेवले आणि निघाले.

त्यानंतर मला मोपाला विमानतळावरच्या एका उपाहारगृहाच्या कोठारात कारकुनाचं काम मिळालं. आलेला माल लिहून घ्यायचा, गेलेला लिहायचा. काम सोपं आहे, कोणी सात पानांची पत्रं लिहायला सांगत नाही. मागच्या पावसाळ्याच्या अखेरीस एका सकाळी पेडण्याच्या स्टँडवर बस बदलायला उतरले, तर शेडमध्ये ती उभी. बरीच वाळलेली, केस पांढरे झालेले, एका बाजूला किंचित कललेली. बरोबर तिच्या वाडीतल्या दोन बायका होत्या. त्यांना घेऊन ती पणजीला चालली होती. वाडीत अंगणवाडी मंजूर होऊन दोन वर्षं झाली होती, पण जागेच्या कागदावरून अडली होती. ही तिची सहावी फेरी.

"होईल का काम?" मी विचारलं.

"आज साहेब रजेवर आहे म्हणतात," ती म्हणाली. "तरी जाते. रजेवर आहे हे डोळ्यांनी बघून येते."

मग मी कुठे आहे ते तिने विचारलं. मी सांगितलं. मला वाटलं, बरं झालं, चांगली नोकरी मिळाली, असं काहीतरी म्हणेल.

"तिथे रोज किती अन्न टाकून देतात?" तिने विचारलं.

"मला माहीत नाही. ते माझ्याकडे नसतं."

"कोणाकडे असतं?"

"बाय, खरंच माहीत नाही. ते लिहीत नसतील."

"मग तू लिहायला लाग," ती म्हणाली, आणि तेवढ्यात पणजीची बस लागली.

बस आधीच भरलेली होती. दोघी बायकांना तिने पुढे घातलं आणि मागून दांडीला धरून कशीबशी चढली. तिला बसायला जागा मिळाली नाही. मी खिडकीजवळ जाऊन हात हलवला, पण तिचं लक्ष नव्हतं. कुठल्याशा ऑफिसात काम करणारा असावा असा एक माणूस हातात फाइल घेऊन सीटवर बसला होता, ती त्याच्याकडे वाकून, बरोबरच्या बायकांकडे हात करत, काहीतरी विचारत होती. तो मान हलवत होता, नाही म्हणून. बस सुटली. ती दांडी घट्ट धरून त्याला पुन्हा तेच विचारत होती.